स्टेनसे ते हेल्यार, चार मिनिटं

त्या माणसाने उतरल्या उतरल्या घड्याळ बघितलं आणि तिथेच मेरनच्या मनात पाल चुकचुकली.

स्टेनसेला विमानातून उतरणारा माणूस आधी टोपी धरतो, कारण आमच्या बेटावर वारा नाही असा दिवस कुणी पाहिलेला नाही. मग तो आपली पिशवी शोधतो, मग न्यायला कोण आलंय ते बघतो. हा गडी यातलं काही न करता धावपट्टीवर उभा राहून मनगटाकडे बघत होता. मग वळून त्याने वैमानिक पोरीला, रॉनाला, काहीतरी विचारलं. तिने आतूनच चार बोटं दाखवली. त्याने मान डोलवली, खिशातून फोन काढला आणि पत्र्याच्या खोलीवर लावलेल्या वेळापत्रकाचा फोटो घेतला.

मेरन कर्सिटर त्याच विमानातून उतरली होती. शेजारच्या हेल्यार बेटापासून इथवर तो तिच्या मागच्याच जागेवर बसला होता. पन्नाशीचा, लाल गालांचा, बूट नवे कोरे. नमस्कार-चमत्कार नाही, हवापाण्याच्या गप्पा नाहीत. खाली समुद्राकडेसुद्धा त्याने पाहिलं नाही. पर्यटक असता तर काचेला नाक लावून बसला असता.

"कोण गं हा?" आगीच्या बंबापाशी उभ्या असलेल्या सँडरने हळूच विचारलं.

"मला काय माहीत."

"चार मिनिटं लागतात का, ते मोजत होता वाटतं."

"दिसलं मला," मेरन म्हणाली.

स्टेनसेचा विमानतळ म्हणजे खडीची पट्टी, एक पत्र्याची खोली, वारा दाखवणारी नारिंगी झोळी आणि एक म्हातारा बंब. तो चालवणारी माणसं तीन. मेरन, सँडर फूबिस्टर आणि माइमी. पट्टीवरची मेंढरं हाकलायची, टपालाची पोती उतरवायची, माणसांची वजनं विचारून वैमानिकाला सांगायची आणि विमान उतरताना-उडताना पिवळे अंगरखे घालून बंबापाशी उभं राहायचं, ही कामं तिघं वाटून घेत. विमान आठ जणांचं. सकाळी कर्कवॉलहून, म्हणजे मोठ्या बेटावरच्या गावाहून, निघून स्टेनसे, मग हेल्यार, मग परत. दुपारी तेच उलट्या दिशेने. बहुतेक दिवशी स्टेनसे ते हेल्यार या उडीला एकटी मेरन असायची, आणि तिच्या मांडीवर झाकणाचा डबा.

डबा एर्लंडसाठी. एर्लंड तिचा नवरा. पंचवीस वर्षं हाच विमानतळ त्याने सांभाळला होता, मेरनला बंब चालवायला त्यानेच शिकवलं. दोन वर्षांपूर्वी झटका आला आणि उजवी बाजू गेली, वाचा गेली. स्टेनसेवर वृद्धनिवास नाही, हेल्यारला आहे. तिथल्या नर्स गुणी होत्या, पण त्यांनी चमचा पुढे केला की तो दात घट्ट मिटून घ्यायचा. मेरनच्या हातचं मात्र खायचा. पहिल्या महिन्यात तिला ताप आला आणि ती आठवडाभर गेली नाही, तेव्हा त्याच्या मनगटाची हाडं दिसायला लागली होती. तेव्हापासून तिने एकही दिवस चुकवला नव्हता.

स्टेनसे ते हेल्यार सात मैल. विमानाला चार मिनिटं, वारा उलटा असला तर सहा. पण मधल्या सामुद्रधुनीत दोन भरत्या एकमेकींच्या अंगावर येतात, तिथे होडी घालायला कुणी धजत नाही. म्हणजे विमान नसेल तर फेरीबोटीने कर्कवॉल गाठायचं, तिथे रात्र काढायची आणि दुसऱ्या दिवशीची हेल्यारची बोट धरायची. यायलाही तेवढंच. रोज कोण करेल हे? आणि गेल्या हिवाळ्यात कौन्सिलमधल्या कुणीतरी रेडिओवर म्हटलं होतं की लोकांना कर्कवॉलला जाण्यासाठी विमान हवं हे समजू शकतं, पण बेटावरून शेजारच्या बेटावर उडी मारायला सरकारने का पैसे घालावेत. तेव्हापासून मेरन रोज रेडिओवरच्या बातम्या शेवटपर्यंत ऐकायची.

आता हा माणूस आला होता. घड्याळ घेऊन.

बाहेरच्या माणसाला वाटेल, विचारावं की त्याला सरळ. काय हो, कशासाठी आलात? पण आमच्याकडे असं विचारत नाहीत. पाहुण्याला चहा द्यायचा, वाऱ्याबद्दल बोलायचं, मेंढ्यांबद्दल बोलायचं. त्याला सांगायचं असेल तर तो सांगेल. आपण होऊन त्याच्या कामात नाक खुपसणं म्हणजे उघड्यावर अंघोळ करण्याइतकी निर्लज्ज गोष्ट. मेरनच्या आईने एका माणसाला अकरा वर्षं शेजारी राहू दिलं आणि तो मूळचा कुठला हे मरेपर्यंत विचारलं नाही. त्याचा तिला अभिमान होता.

त्या रात्री तो माइमीकडे राहिला. बेटावर खोली भाड्याने देणारी ती एकटीच. दुसऱ्या दिवशी सकाळी विमान येण्याआधी पत्र्याच्या खोलीत तिघांची बैठक बसली. पाहुणा बाहेर पट्टीच्या कडेला हात पाठीमागे बांधून फिरत होता.

"निनियन प्रिंगल नाव आहे," माइमी म्हणाली. "दक्षिणेकडचा. बोलतो गोड. ताटं स्वतः धुवायला उठला."

"तसलेच असतात ते," मेरन म्हणाली. "बोलला काय?"

"विचारतच सुटला. हिवाळ्यात धुक्यामुळे विमान किती वेळा येत नाही. शाळेत मुलं किती. दुकानात ताजी भाजी कधी येते. मी म्हटलं, बोटीबरोबर येते, बोट आली तर."

"मुलं किती? मुलांचं त्याला काय करायचंय?"

"आणि ऐक की. संध्याकाळी फिरायला म्हणून गेला तो थेट रॉबीच्या रिकाम्या घरापाशी. मी खिडकीतून पाहिलं. छपराकडे किती वेळ बघत होता. मग भिंतीला हात लावून बघितला. मागच्या परड्यातली माती हातात घेऊन चुरगाळली."

सँडरने डोकं खाजवलं. तो अंगाने दोन माणसांचा आणि स्वभावाने अर्ध्या माणसाचा, म्हणजे कुणाचं वाईट चिंतणं त्याला जमतच नाही. "घर घ्यायचं असेल त्याला," तो म्हणाला.

"घर?" मेरन त्याच्याकडे अशी बघत राहिली की त्याने कप उचलून तोंड झाकलं. "सँडर, तुझ्या डोक्यात मेंदू आहे की मेंढीची लोकर? घर घेणारा माणूस घर घ्यायचंय म्हणून सांगतो. हा रिकामी घरं मोजतोय. पोरं मोजतोय. विमानाची मिनिटं मोजतोय. वर जाऊन सांगणार, बेट मरायला टेकलंय, विमान रिकामं फिरतंय, बंद करा. अजून काय हवंय तुला, कपाळावर शिक्का?"

माइमीने मान हलवली. "मला पण तसंच वाटलं. आणि पुढच्या सोमवारी परत येतोय म्हणाला, आठवडाभर राहायला. रोज सकाळी हेल्यारला जाऊन दुपारी परत येणार आहे. रोज. काय काम असेल गं रोज?"

"माणसं मोजायची. दुसरं काय?"

एवढ्यात तो आत आला. मेरनने त्याला चहा दिला आणि बशीत दुकानातली बिस्किटं ठेवली. शेगडीवरच्या टोपलीत तिच्या हातचे जवाच्या पिठाचे बॅनक, जाड भाकऱ्यांसारखे, फडक्याखाली गरम होते, खोलीभर वास होता, पण ते तिने काढले नाहीत. स्टेनसेच्या माणसाला त्याचा अर्थ लगेच कळला असता. तो बिचारा बिस्किट खाऊन "छान आहे" म्हणाला.

त्या सकाळी विमानात ती, तो आणि जनावरांचा डॉक्टर, एवढेच. मेरनला त्या पाच रिकाम्या जागा बघवेनात.

हेल्यारला उतरल्यावर तो कुठे गेला हे तिने मुद्दाम पाहिलं नाही. नजर ठेवतोय असं वाटायला नको. आणि हेल्यारवाल्यांना आपण होऊन काही विचारणं म्हणजे आपलं नाक आपल्या हाताने कापून त्यांच्या बशीत ठेवणं. स्टेनसे आणि हेल्यारचं वाकडं आजोबा-पणजोबांच्या काळापासूनचं. कारण कुणाला ठाऊक नाही, पण वाकडं आहे ते आहे.

तिने एर्लंडला भरवलं. कुस्करलेले बटाटे आणि सलगम, वर लोणी. तो डाव्या हाताने तिची बाही धरून बसला होता. जेवण संपलं तरी सोडेना. "येते उद्या," ती म्हणाली. "कुठे जात नाही मी." हे म्हणताना तिला त्या माणसाचं घड्याळ आठवलं आणि संतापाने तिचे कान तापले. चार मिनिटांवर नवरा आहे तिचा. आणि कुणीतरी नव्या बुटातला येऊन ठरवणार, की ही चार मिनिटं जास्त झाली.

परतल्यावर तिने फोन हातात घेतला तो तीन संध्याकाळी खाली ठेवला नाही.

तिचा बेत साधा होता. पुढचा आठवडाभर सकाळचं विमान भरलेलं दिसलं पाहिजे. बेटावर माणसं साठ. त्यातली रोज सहा-सात हेल्यारला जाऊन दुपारी परत आली तर काय बिघडतं? बेटवाल्यांना भाडं तसं किरकोळच. कुणाला लोकर दाखवायची होती, कुणाला कधीकाळच्या मावसबहिणीला भेटायचं होतं, ज्यांना काहीच नव्हतं त्यांनी काहीतरी शोधून काढलं. एर्लंडसाठी म्हटल्यावर कुणी नाही म्हटलं नाही, हे खरं. विमानतळावर पंचवीस वर्षांत प्रत्येकाची पोती त्याने उचलली होती.

"पण मी आलो तर वजनाचं काय?" सँडरने विचारलं. "रॉना मला दोन जागांची मोजते."

"तू बंबापाशीच राहा, बाबा. तुला घेतलं तर चार जणं खाली उतरवावी लागतील."

सोमवारी प्रिंगल आला. मंगळवारी सकाळी तो पिशवी घेऊन पत्र्याच्या खोलीत आला आणि दारातच थांबला. आत बसायला जागा नव्हती. म्हातारी जेरोमिना तिच्या विणकामासकट, शाळेची बाई, दोघे जुळे कोळी भाऊ, पाद्र्याची बायको, आणखी दोघं, सगळे नटूनथटून, लग्नाला निघाल्यासारखे. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. सगळे वाऱ्याबद्दल बोलत होते.

"मला हेल्यारला जायचं होतं," तो म्हणाला.

"नाव लावलं होतं का?" मेरनने विचारलं.

"नाही. मागच्या वेळी विमान रिकामंच होतं, म्हणून मला वाटलं..."

"मागच्या वेळी अर्धं बेट तापाने आडवं झालं होतं," मेरन म्हणाली. पापणीसुद्धा लवली नाही तिची. "एरवी हे असं असतं."

जेरोमिनाने विणता विणता मान डोलवली. "हे तर कमीच म्हणायचं," ती म्हणाली.

प्रिंगल राहिला. बुधवारी तेच झालं. गुरुवारी जुळ्या भावांपैकी एकाची बोट अडकली म्हणून ऐनवेळी एक जागा मोकळी झाली आणि ती त्याला द्यावी लागली. तो मेरनच्या शेजारी बसला. विमान उठलं, खाली भरत्यांचा पांढरा फेस दिसायला लागला. या वेळी त्याने घड्याळ बघितलं नाही. तो तिच्या मांडीवरच्या डब्याकडे बघत होता.

"तुम्ही रोज जाता?" त्याने विचारलं.

आता आला मुद्द्यावर, मेरनला वाटलं. तिने मनातल्या मनात कंबर कसली. या माणसाला असं काहीतरी सांगायला हवं की त्याने ते जसंच्या तसं वर पोचवावं. विमान अपुरं पडतंय, बंद कसलं करता, दुसरं द्या, असं त्यांना वाटलं पाहिजे.

"जागा मिळाली तर," ती म्हणाली.

"म्हणजे? मिळत नाही?"

"नवरा आहे माझा तिकडे. झटक्याने पडून आहे. माझ्याशिवाय कुणाच्या हातचं खात नाही. पण आठवड्यातून दोन-तीनदा तरी मला पट्टीवरूनच परत जावं लागतं. काय करणार? विमान एवढंसं, माणसं एवढी."

त्याच्या लाल गालांवरचा रंग जरा उतरला असं तिला वाटलं. "हे फार वाईट आहे," तो शेवटी म्हणाला, आणि ते इतकं मनापासून म्हणाला की क्षणभर मेरनला आपण कुठेतरी चुकतोय असं वाटलं. पण क्षणभरच. नरम बोलणारी माणसंच कागदावर कठोर लिहितात, हे तिने स्वतःला बजावलं. हेल्यारला उतरल्यावर याही वेळी तिने त्याच्याकडे वळून पाहिलं नाही.

त्या आठवड्यात एर्लंडच्या खोलीत रोज कुणी ना कुणी स्टेनसेकर यायचा. हेल्यारला दुपारपर्यंत करायचं काय, म्हणून सगळे तिथेच जमायचे. जेरोमिनाने त्याला विणकाम दाखवलं, शाळेच्या बाईने पोरांची चित्रं भिंतीला लावली. तो डाव्या हाताने एकेकाचा हात धरायचा आणि सोडायचा नाही. मेरनला वाटलं, चला, एवढं तरी बरं झालं.

शुक्रवारी प्रिंगल विमानासाठी आलाच नाही, फेरीबोटीने गेला. जाताना माइमीचा हात हातात घेऊन तो म्हणाला, तुमचं बेट मला फार आवडलं होतं. माइमीने हे सांगितलं तेव्हा सँडर म्हणाला, "'होतं' का म्हणाला असेल?" मेरनने त्याला चूप केलं. तिने त्या दिवशी बॅनकना जरा जास्तच लोणी लावलं. हसू तिच्या तोंडावर मावत नव्हतं.

तीन आठवडे गेले. कौन्सिलकडून काही नाही, रेडिओवर काही नाही. विमान पुन्हा पहिल्यासारखं रिकामं झालं आणि मेरन डबा घेऊन एकटी जाऊ लागली.

मग जूनमधल्या एका दुपारी वृद्धनिवासाच्या इसबेलने तिला स्वयंपाकघरात बोलावलं. इसबेल तिथली मुख्य नर्स, हेल्यारची असूनही मेरनला मनातून आवडणारी. तिने दोन कप चहा ओतला आणि दार लोटून घेतलं. मेरन उभीच राहिली.

"एर्लंडला काही झालं का?"

"नाही, नाही, तो बरा आहे. बस. माझे गुडघे संपलेत, मेरन. ऑगस्टमध्ये मी काम सोडतेय, हे तुला ठाऊक आहेच."

"हो. तुझ्या जागी कुणी येणार होतं ना?"

"येणार होतं." इसबेलने कप फिरवला. "शिकलेली मुख्य नर्स नसेल तर हे घर चालवता येत नाही, नियमच आहे तसा. दीड वर्ष जाहिराती देतेय. एकच जण मिळाला. वीस वर्षांचा अनुभव, हात असे की सगळ्यात तापट म्हातारी पण त्याच्याकडून गोळी घेते. पहिल्या खेपेला, तू दुपारी गेल्यावर, एर्लंडने त्याच्या हातून अर्धी वाटी सूप घेतलं, सांगते तुला. मी सांगणार होते, पण म्हटलं, त्याचं ठरू दे आधी."

मेरनच्या हातातला कप खाली आला. "कोण?"

"प्रिंगल म्हणून. हेल्यारला एक घर रिकामं नाही. तुमच्याकडे रॉबीचं आहे. बायकोला कोंबड्या पाळायच्या होत्या, भाज्या लावायच्या होत्या. तिकडे राहायचं आणि विमानाने रोज इकडे यायचं, असा त्याचा विचार. मी म्हटलं, आठवडाभर राहून बघ, जमतंय का." इसबेलने पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं. "नाही कळवायला फोन केला तेव्हा मला म्हणाला, काम आवडलं, माणसं आवडली, घर तर फारच आवडलं. पण विमानात जागाच मिळत नाही. म्हणाला, तिकडे एक बाई आहे, नवऱ्याला भरवायला येते, तिलासुद्धा आठवड्यातून दोन-तीनदा परत जावं लागतं. तिला मिळत नाही, तर मी नवखा माणूस, मला रोज कोण देणार? आणि देईल तरी मी तिची जागा कशी घेऊ?"

स्वयंपाकघरात किटली वाफ सोडत होती. इसबेलने उठून ती बंद केली.

"ती बाई कोण, ते मी त्याला विचारलं नाही," ती म्हणाली.

मेरनला ओरडून रडावंसं वाटत होतं आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटत होती, पण ती हेल्यारच्या स्वयंपाकघरात होती, म्हणून ती नुसती बसून राहिली. "मग आता?" तिने कसंबसं विचारलं.

"ऑगस्टअखेर बंद. सगळ्यांना कर्कवॉलला हलवणार. तिथे चांगलं आहे, मेरन. मोठं आहे."

कर्कवॉल. विमानाने सोळा मिनिटं, पण सकाळी स्टेनसेहून निघणारं विमान आधी हेल्यार करून जातं आणि परत येणाऱ्याला दुपारचं मिळालं तर मिळालं. आणि हेल्यारहून पुढे कर्कवॉलच्या उडीतल्या जागा हेल्यारवाल्यांनी खरोखरच भरलेल्या असतात, महिना महिना आधीपासून. मेरन आठवड्यातून एकदा जाऊ शकेल. फार तर दोनदा. बाकीच्या दिवशी चमचा दुसऱ्या कुणाचा असेल.

तिने इसबेलकडून प्रिंगलचा फोन नंबर मागून घेतला. हेल्यारवालीकडे काही मागायची तिच्या आयुष्यातली ती पहिली वेळ. घरी येऊन तिने अंगरखासुद्धा न उतरवता फोन लावला.

"मी मेरन कर्सिटर," ती म्हणाली. "विमानातली. डबेवाली."

"हो, हो. कसे आहेत तुमचे यजमान?"

त्याने आधी हे विचारलं, याने तिला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मी खोटं बोलले तुमच्याशी," ती म्हणाली. "विमान रिकामं असतं. रोज. मी एकटी असते त्यात. तो आठवडा आम्ही मुद्दाम भरला होता. मी भरला होता."

"का पण?"

"मला वाटलं तुम्ही कौन्सिलचे. विमान बंद करायला आलात."

"मला विचारायचंत की."

"आमच्याकडे विचारत नाहीत."

"मला इसबेलने आधीच बजावलं होतं," तो हळू म्हणाला. "बेटावर गेलात की आपलं आपण सांगत सुटू नका, लोकांना आवडत नाही. म्हणून मी गप्प राहिलो. मला सांगायचं होतं खरं तर. चहाच्या वेळी."

"परत या," मेरन म्हणाली. विनवण्या करायची तिला सवय नव्हती, पण तिने केल्या. घर मिळवून देते म्हणाली, छप्पर शाकारून देते, कोंबड्या देते, आठातल्या सगळ्या जागा त्याच्या म्हणाली. तो ऐकून घेत होता. मग त्याने सांगितलं की पश्चिमेकडच्या एका बेटावर त्याने काम घेतलंय. बायकोने राजीनामा दिला, सामान अर्धं तिकडे गेलंय, शब्द दिलाय. "तिथेही लोक थांबलेत माझ्यासाठी," तो म्हणाला.

इसबेलने आणखी दोन महिने माणूस शोधला. मिळाला नाही. जुलैत कर्कवॉलहून कुणी टपालासोबत सांगावा आणला की बेटाबेटांमधल्या उड्या बंद करायचा विचार कधी पुढे गेलाच नव्हता, रेडिओवरचा तो माणूस मधल्या निवडणुकीत पडला. विमान चालूच राहणार. सँडर हे सांगायला धावत आला आणि मेरनचं तोंड बघून मेंढरं हाकलायला निघून गेला.

ऑगस्टच्या शेवटच्या गुरुवारी दुपारी माइमी दात काढायला कर्कवॉलला गेली होती. बंबापाशी दोघं असल्याशिवाय विमान उडवता येत नाही, म्हणून सँडर होता आणि मेरन होती. ती शनिवारच्या बोटीने जाणार होती, डबा भरून. दुपारचं विमान हेल्यारहून सात मैल ओलांडून आलं, खडीवर टेकलं आणि पत्र्याच्या खोलीसमोर थांबलं. टपालाचं एक पोतं उतरवायचं होतं, एवढंच काम. हेल्यारची म्हातारी माणसं पुढच्या जागांवर बसली होती, गुडघ्यांवर पांघरुणं, मागे त्यांच्याबरोबरची नर्स. एर्लंड दाराशेजारी होता.

मेरनने दार उघडलं. त्याने तिला पाहिलं, तिचा पिवळा अंगरखा पाहिला, तिच्यामागची पट्टी, झोळी, बंब, बंबाला टेकलेला सँडर पाहिला. दोन वर्षांत त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू एवढी हललेली तिने पाहिली नव्हती. त्याचा डावा हात पोटापाशी गेला, पट्ट्याच्या कडीशी झटापट करू लागला, आणि कडी सुटली. त्याने पट्टा बाजूला सारला आणि चांगला पाय दाराकडे टाकला.

"घर," तो म्हणाला. स्पष्ट म्हणाला. सँडरलासुद्धा ऐकू गेलं.

मेरन आत चढली. त्याचा पाय तिने दोन्ही हातांनी उचलून परत आत ठेवला. तिने पट्टा त्याच्या कमरेवरून घेतला, पण त्याने कडी मुठीत धरून ठेवली होती. बोटं एकेक करून सोडवावी लागली. तो जोर करत होता, तिच्याकडे बघत होता, त्याला कळत नव्हतं की ती असं का करतेय. रॉनाने मान वळवली नाही, ती समोर बघत राहिली.

"माझ्यामुळे, एर्लंड," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "माझ्यामुळे झालं हे."

कडी बसली. तिने ती ओढून बघितली, पक्की होती. मग ती उतरली, दार लावलं, चालत जाऊन बंबापाशी सँडरच्या शेजारी उभी राहिली. काचेच्या पलीकडे तो अजून पोटापाशी चाचपडत होता. रॉना तिच्या खुणेची वाट बघत होती, कारण खुणेशिवाय तिला विमान हलवता येत नाही. मेरनने हात वर केला आणि अंगठा दाखवला.